पहिले पाणी टाका

माझ्या चष्म्यावर आजवर एकाच माणसाने तांब्याभर पाणी ओतलं आहे, आणि तेही ओळखपाळख होण्याच्या आधी.

मी दारव्ह्याला नोकरीवर रुजू झालो त्या दिवशीची गोष्ट. खोली भाड्याने आहे असं ऐकून एका घराच्या फाटकाशी उभा होतो. यवतमाळहून काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीने बसून आलो होतो आणि सगळ्या रस्त्याची धूळ चष्म्यावर जमली होती. घरमालकासमोर जाताना आधी घरमालक नीट दिसावा, म्हणून चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला. तेवढ्यात "ओ! ओ! ओ!" असं ओरडत एक उंच, वाळका, बनियनवरचा माणूस अंगणातून धावत आला. मला वाटलं, माझ्या पायाशी साप आहे. मी एका उडीत फाटकाच्या आत गेलो.

"कोरडं पुसून राह्यले?" तो माणूस म्हणाला. "एवढ्या धुळीत? कोरडं?"

त्याने माझ्या हातातून चष्मा ओढून घेतला, टाकीतून तांब्या भरून सबंध त्याच्यावर ओतला, दोन बोटांनी काचा चोळल्या, पुन्हा पाणी ओतलं, कमरेला खोचलेल्या पांढऱ्याशुभ्र चिंधीने टिपल्या आणि चष्मा आपल्या हाताने माझ्या नाकावर बसवला.

"पहिले पाणी टाका," तो म्हणाला. "मंग हात लावा. खोली पाह्याले आले काय? या, च्या घ्या."

हे आमचे घरमालक. सगळं दारव्हा त्यांना काकाजी म्हणायचं, आणि दोन दिवसांत मीही म्हणू लागलो. आमच्या घरात तीन पिढ्यांची कारकुनी, त्यामुळे चष्मा मला वारसाहक्कानेच मिळालेला. पण तो पुसायचा कसा हे चोविसाव्या वर्षी मला कापसाच्या एका ग्रेडरने शिकवलं. काकाजी तीस वर्षं कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडीतला कापूस मुठीत घ्यायचा, बोटांनी उलगडायचा, त्यातली पत्ती, किडकी पिवळी कवडी, ओल बघायची आणि प्रत सांगायची, हे त्यांचं काम. ते त्यांनी मुदतीच्या आधीच सोडलं होतं. मी राहायला गेलो तेव्हा ते जीपच्या प्लास्टिकच्या खिडक्या साफ करायचे.

हे ऐकून कुणाला हसू येईल. मलाही आलं होतं. पण तेव्हाच्या जीपा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना कळेल. वर ताडपत्रीचं छत, बाजूंना ताडपत्रीचेच पडदे, आणि पडद्यात शिवलेली जाड पारदर्शक प्लास्टिकची खिडकी. नवी असताना आरपार दिसायचं. दोन उन्हाळे गेले की ती पिवळी पडायची, तिसऱ्यात पांढरी व्हायची, आणि मग बाहेरून तिच्यात डोकावून काही उपयोग नसायचा. ती वर्षं कापसाच्या पडत्या भावाची. दिवाळी यायची आणि बाजारात मागच्या वर्षीपेक्षा वाईट बातमी घेऊन यायची. पेपरात आमच्या जिल्ह्याचं नाव तेव्हा ज्या कारणासाठी छापून येई, त्यावर काकाजी कधी बोलत नसत. ते पान ते घडी घालून उशीखाली ठेवून देत. अशा काळात नवी जीप कोण घेणार, नवा पडदा तरी कोण शिवणार? जीपवाले पडदे काढून, गुंडाळी खांद्यावर टाकून काकाजींच्या अंगणात येत.

अंगणातल्या निंबाखाली एक जुनं टेबल होतं. त्यावर पडदा पसरायचा. आधी पाणी, भरपूर पाणी, हात न लावता. मग साबणाचं पाणी आणि उघडा तळहात. मग पाण्यात भिजवलेला पाणीपेपर, म्हणजे रंगारी लोक वापरतात तो बारीक घासकागद. तो आधी उभा चालवायचा, मग त्याहून बारीक आडवा, मग त्याहून बारीक पुन्हा उभा. शेवटी पॉलिशचा लेप आणि रुईचा बोळा. हा बोळा ते जिनिंगमधून स्वतः निवडून आणत. सरकीचा एक कण राहिला तरी बोळा फेकून देत आणि म्हणत, "एवढा कापूस पिकते या जिल्ह्यात, अन् मुठभर साफ भेटत नाही."

पहिल्यांदाच आलेला जीपवाला हमखास मधेच डोकवायचा आणि त्याची बोबडी वळायची. कारण पाणीपेपर चालवला की आधी होती नव्हती ती खिडकी दुधासारखी पांढरी होते.

"काकाजी, हे काय केलं! पह्यले झाड तरी दिसत होतं. आता तं काहीच दिसून नाही राह्यलं!"

"ओरखडा निंगत नसते, बाप्पा," काकाजी मान वर न करता सांगत. "तो राह्यते तिथंच. बाजूचं सारं त्याच्या बरोबरीले खाली आणा लागते. मंग तो दिसत नाही. जा, च्या पिऊन ये."

तो चहा पिऊन येई तोवर खिडकीतून निंबाची पानं मोजता येत. जीपवाला खूश होऊन खिशातून रुमाल काढे आणि शेवटचा हात आपण मारावा म्हणून पुढे होई. मग जे व्हायचं ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. काकाजींना मी कुणावर एरवी चढ्या आवाजात बोलताना ऐकलं नाही. पण कोरडं फडकं दिसलं की त्यांचा तोल जायचा. तहसीलच्या शिपायाच्या हातातलं टेबल पुसायचं फडकं त्यांनी एकदा भर कचेरीत हिसकावून घेतलं होतं. न्हाव्याच्या दुकानात गेले तर आरशासाठी घरून बाटलीत पाणी घेऊन जात.

खिडकी बघून ते जीपची सगळी कुंडली मांडायचे. हे बांगड्यांचे ओरखडे, बारीक आणि अर्धगोल. म्हणजे ही बायांची बाजू. हा डाग तंबाखूच्या खर्र्याचा, चालत्या गाडीतून थुंकलेला आणि वाऱ्याने परत आलेला. हे लांबलचक आडवे चरे सायकलच्या हँडलचे, गर्दीत बाहेरून लटकवलेल्या. "अन् हे पाहा," एकदा त्यांनी मला खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात बोट ठेवून दाखवलं. "इथं कोणी तरी रोज टेकून झोपते. तेलाचा डाग आहे डोक्याचा. मास्तर असन." ती जीप फुलसावंगीकडे जायची आणि तिथल्या शाळेचा एक मास्तर खरोखरच तिने जात-येत असे. मी चौकशी केली होती. माझा स्वभाव तसा संशयी आहे.

या सगळ्यात भरडल्या जायच्या त्या काकू, म्हणजे काकाजींच्या बायको. त्या ठेंगण्या, गोऱ्या आणि बोलायला लागल्या की थांबायचं नाव न घेणाऱ्या.

"पाहा भाऊ," त्या मला साक्षीला ठेवून म्हणायच्या, "गावात चार दिवसाआड नळ येते. घरात प्याले पाणी नाही अन् यायच्या खिडक्यायले रोज आंघोळ! मी दोन दिवसापासून डोक्यावरून पाणी घेतलं नाही."

"तू कुठं धुळीतून येऊन राह्यली?" काकाजी म्हणत. एवढं बोलून ते पुढच्या खिडकीकडे वळत आणि काकू माझ्यापुढे पोह्यांची बशी आदळत. रागावल्या की त्या पोहे छान करायच्या.

एक गोष्ट मात्र मला बरेच दिवस उमगली नाही. हा माणूस सगळ्या तालुक्याच्या जीपा आरपार करून द्यायचा, पण स्वतः जीपमध्ये पाय ठेवायचा नाही. गावात सायकल, बाहेरगावी एसटी, आणि एसटी नसेल तिथे जाणं नाही. आम्ही दोघं एकदा यवतमाळला निघालो तर दोन काळीपिवळ्या समोरून गेल्या आणि आम्ही पाऊण तास एसटीची वाट बघत उभे. मी विचारलं, तर म्हणाले, "मले त्यात कोंडल्यासारखं होते." मी ते तेव्हा खरं मानलं.

मग लग्नसराई आली आणि मला काकाजींचं खरं वेड दिसलं.

आमच्या कार्यालयातल्या एका सहकाऱ्याच्या बहिणीचं लग्न होतं. पंगती उठल्या, पाठवणीची वेळ झाली, नवरीची जीप झेंडूच्या माळा लावून मांडवाशी उभी राहिली. मे महिन्याचं ऊन, झळा लागतात म्हणून पडदे सोडलेले. बायका रडायच्या तयारीत, बँडवाला शेवटच्या गाण्याच्या तयारीत, आणि इतक्यात काकाजी आले. हातात बादली. आमंत्रण त्यांना नव्हतंच. कुणाशी एक शब्द न बोलता ते जीपच्या मागच्या डाव्या खिडकीशी गेले आणि तिच्यावर पाणी ओतायला लागले. माळांचा झेंडू गळून खाली पडला. नवऱ्या मुलाचे मामा खवळले. "कोण आहे हा माणूस?"

"आमचे काकाजी आहेत," माझा सहकारी हात जोडून म्हणाला. "दोन मिनिटं थांबा मामासाहेब, नाहीतर ते चाकापुढे बसतात."

काकाजींनी खिडकी धुतली, टिपली, पॉलिश फिरवलं, पुन्हा टिपली. मग ते नवरीच्या बापाकडे गेले. तो बिचारा खांबाला धरून हुंदके देत होता. त्याला दंडाला धरून त्यांनी खिडकीसमोर आणून उभं केलं.

"दिसते काय पोरगी?"

"दिसते," बाप म्हणाला.

"नाक-डोळे? बरोबर दिसते ना?"

"दिसते, काकाजी."

"मंग जाऊ द्या," काकाजींनी ड्रायव्हरला सांगितलं आणि बादली उचलून चालू लागले.

मला त्या दिवशी त्यांची लाज वाटली, हे आज कबूल करतो. चारचौघांत ते माझे घरमालक निघाले याचीच मला लाज वाटली. घरी येऊन मी काकूंजवळ तक्रार केली. त्या ओसरीवर तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. मला वाटलं, त्याही माझ्या सुरात सूर मिळवतील. पण त्या सुपाकडे बघत राहिल्या.

"आमची पोरगी नाही पाह्यली तुम्ही," त्या म्हणाल्या. "झरीकडं देली तिले. जावई जंगल खात्यात गार्ड आहे. चांगला आहे. पण पोरीले नाही कराचं होतं तेव्हा लग्न. बारावी झाली होती, नर्सिंगले नंबर लागला होता. अन् त्या साली भाव पडून राह्यला होता. आज आहे तो आठ दिवसानं नाही. हे रोज केंद्रावर तेच पाहून घरी येत. लोकं म्हणत, आहे त्या भावात देऊन टाका, उद्या हेही नाही भेटणार. ते यायच्या डोक्यात बसलं. एक दिवस घरी येऊन म्हणाले, स्थळ चांगलं आहे, आता थांबू नोको, पुढं काय होते कोणाले माहीत."

"आणि ताई?"

"ते म्हणाली, बाबा, मी काय कापूस आहो?" काकूंनी डाळीतला एक खडा उचलून लांब फेकला. "बस. त्या दिवसापासून लग्न लागेपर्यंत बापाशी एक शब्द बोलली नाही. त्याच्याकडं पाह्यलंही नाही."

पाठवणीच्या वेळी काकाजी तिच्यासमोर जायलाच धजेनात. मांडवामागे भांडी बांधत बसले. जीप सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा धावत आले, तर पडदे सोडलेले, बटणं लावलेली, आणि खिडकी धुळीने भरलेली. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा घेतला आणि खिडकी पुसायला लागले. कोरड्या दुपट्ट्याने. जितकी पुसली तितकी ती धूळ प्लास्टिकवर घासली गेली आणि खिडकी आणखीच पांढरी झाली. ते पुसत जीपबरोबर चालत गेले, मग धावत गेले, आणि मग जीप निघून गेली.

"पोरीनं जाताना आपल्याकडं पाह्यलं का तोंड फिरवून बसली, हे यायले अजून माहीत नाही," काकू म्हणाल्या. "महिनाभरात नोकरी सोडली. म्हणाले, तीस वर्षं पांढऱ्यात कचरा पाहून राह्यलो, आता मले कचराच दिसते."

"मग विचारायचं ना तिला."

"कसा विचारन बाप?" त्यांनी सूप आपटलं. "तुम्हाले लेकरं झाले का मंग समजन."

लेकीला दिवाळीला आणायला बापाने नाहीतर भावाने जायचं, ही आमच्याकडची रीत. ताईला सख्खा भाऊ नव्हता. म्हणून दर दिवाळीला काकाजी आठ दिवस आधी तयारीला लागत. एखादी चांगली जीप ठरवत, कारण लेकीला एसटीच्या गर्दीत कशी आणायची? मग त्या जीपच्या खिडक्या तपासत. "ही तिले बसाच्या लायकीची नाही," म्हणून पडदा काढत आणि घासायला बसत. एकीचं झालं की दुसरीत खोट निघे. वसुबारस उजाडे, धनत्रयोदशी होई, आणि शेवटी काकू वैतागून पुतण्याला पाठवत. ताई येई ती दोन दिवस. ते दोन दिवस काकाजी सकाळपासून जीपच्या थांब्यावर काढत. बापलेकीत बोलणं व्हायचं ते "जेवली काय?" "जेवली." एवढंच. ती आली तेव्हा दोन्ही वर्षं मी सुटीला यवतमाळला होतो, त्यामुळे मी तिला पाहिलंही नव्हतं.

तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मला कार्यालयाच्या कामाने झरी जामणीला दोन दिवस जायची पाळी आली. काकूंनी मुगवड्यांचा डबा बांधून दिला आणि ताईच्या गावाचं नाव दोनदा घोकून घेतलं. मी एसटीत बसलो तेव्हा काकाजी खिडकीखाली येऊन उभे राहिले.

"काही सांगू नोका तिले," ते म्हणाले. "फक्त चेहरा पाहून या."

"म्हणजे काय पाहू?"

"चेहरा," ते चिडून म्हणाले. "चष्मा आहे ना तुम्हाले!"

झरीकडचा रस्ता सागाच्या जंगलातून जातो. तिथल्या कार्यालयाने दिलेल्या जीपचे पडदे इतके जुने होते की काकाजींनी बघितले असते तर ड्रायव्हरचा परवाना मागितला असता. काम आटोपून दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच जीपने मी ताईच्या दारात पोहोचलो. जंगल खात्याचं दोन खोल्यांचं क्वार्टर, पुढे सारवलेलं अंगण. ती गावातल्या अंगणवाडीवर सेविका होती. पोरं नुकतीच सुटली होती आणि तिच्याभोवती कोलाम आदिवासींच्या बोलीत, कोलामीत, काहीतरी गलका करत होती. तीही त्यांना कोलामीतच दटावत होती. काकाजींसारखी उंच आणि काकूंसारखी गोरी. मी ओळख सांगितली तशी तिने पोरांना पिटाळलं, मला खाटेवर बसवलं आणि पाण्याचा गिलास आणून दिला.

मी चष्मा काढला, गिलासातलं थोडं पाणी त्यावर सोडलं, बोटांनी चोळलं आणि रुमालाने टिपला. तीन वर्षांत अंगवळणी पडलं होतं. मान वर केली तर ताई माझ्याकडे बघत होती.

"हे बाबापाशी शिकले काय?"

"घरात राहायचं तर शिकावंच लागतं," मी म्हणालो.

"पह्यले नव्हते ते असे." ती हसली, पण ते हसू काही टिकलं नाही. "माह्या लग्नाच्या दिवशी तं कोरड्याच दुपट्ट्यानं जीपची खिडकी घासून राह्यले होते."

"तुम्हाला दिसलं ते?"

"दिसन नाही तं काय? समोरच तं होते. लग्न लागेपर्यंत नाही बोलली मी त्यायच्याशी. मनात होतं, जाताना बोलीन. पण ते आलेच नाही. मंग आले, तं मी हात वर केला. असा." तिने तळहात चेहऱ्यापाशी धरून दाखवला. "मी बाबा बाबा म्हणून राह्यली होती, पण बँडच्या आवाजात कोणाले ऐकू येते? अन् त्यायनं मान वर करून माह्याकडं पाह्यलंच नाही, भाऊ. खिडकीच पुसत राह्यले. म्या म्हणलं, जाऊ दे. यायले पोरगी दिसत नाही, खिडकीवरचा कचरा दिसते. जलमभर तेच काम केलं."

मी दर शनिवारी त्या जीपांमधून यवतमाळला जात होतो. अशा पांढऱ्या पडलेल्या खिडकीतून आतल्या अंधारातून बाहेरचं उन्हातलं शेत मला दर खेपेला दिसत होतं. आणि बाहेरून त्याच जीपकडे बघताना आतलं माणूस कधी दिसलं नव्हतं. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवायचं मला तीन वर्षांत सुचलं नाही. स्वतःच्या हुशारीवर माझा विश्वास होता, तो त्या दिवशी बराच कमी झाला.

"ताई," मी म्हणालो, "जरा बाहेर या."

मी जीपमध्ये मागच्या बाजूला जाऊन बसलो, ड्रायव्हरकडून पडदा सोडवून घेतला आणि ताईला बाहेर उन्हात, खिडकीपासून हातभर अंतरावर उभं राहायला सांगितलं.

"मी दिसतो?"

"नाही."

"आता हात वर केला आहे. अगदी तुमच्यासारखा."

"नाही दिसून राह्यला," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "खरंच केला काय?"

मला ती पूर्ण दिसत होती. कपाळावरचं कुंकू, नाकातली फुली, उन्हाने बारीक झालेले डोळे. ती माझ्याच दिशेने बघत होती, पण बघत होती ती प्लास्टिककडे. मग तिने पदर हातात घेतला आणि खिडकी पुसायला लागली. कोरड्याच पदराने. आधी हळू, मग जोरात, मग दोन्ही हातांनी. पाणी टाका असं ओरडणं माझं काम होतं, पण मला ते जमलं नाही. मी तिचा चेहरा पाहत बसलो, कारण मला त्याचसाठी पाठवलं होतं.

बऱ्याच वेळाने ती थांबली. पदर खाली सोडला.

"त्यायले मी दिसलीच नाही," ती म्हणाली.

निघताना तिने मुगवड्यांच्या रिकाम्या डब्यात मूठभर चारोळी भरून दिली. "बाबाले म्हणा, या वक्ती आणाले या. चुलतभाऊ धाडला तं मी येत नाही."

तिसऱ्या दिवशी दारव्ह्याला पोहोचलो तेव्हा उन्हं कलली होती. काकाजी निंबाखाली टेबलाशी होते. दिवाळीसाठी ठरवलेल्या जीपचा पडदा पुढ्यात होता, दुधासारखा पांढरा, मधल्या टप्प्यावर. मला पाहून हातातला पाणीपेपर थांबला.

"पाहिला चेहरा," मी म्हणालो. आणि सगळं सांगितलं. तिने हात वर केला होता ते, हाक मारली होती ते, आणि जीपबाहेर उन्हात उभी राहून तिने काय केलं ते. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

काकाजींनी पाणीपेपर टेबलावर ठेवला.

"म्हणजे मी कोरड्यानं पुसून राह्यलो होतो, ते बी दिसलं तिले?"

"दिसलं."

"अन् तिनं हात वर केलता."

"केला होता, काकाजी. तुम्हाला दिसणार कसा? तुम्ही उन्हात होता."

"पाच वर्षं बाहेरूनच पाहून राह्यलो मी," ते म्हणाले. "एकडाव आत जाऊन बसलो असतो तं..."

ते टाकीपाशी गेले, तांब्या भरला, आणि सगळाच्या सगळा स्वतःच्या तोंडावर ओतला. मग आणखी एक ओतला. त्यांची पाठ आमच्याकडे होती आणि खांदे हलत होते. काकूंनी पाण्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते धुतलेलं धोतर नेसून, खांद्यावर दुपट्टा टाकून तयार होते. अर्धवट घासलेला पडदा टेबलावर तसाच पडला होता. मी थांब्यापर्यंत सोबत गेलो. पहिली एसटी यायला वेळ होता आणि यवतमाळची काळीपिवळी भरत आली होती. तिच्या मागच्या खिडकीची अवस्था सांगण्यासारखी नव्हती. वर खर्र्याची पिचकारीही होती. काकाजींना तिच्याकडे येताना पाहून ड्रायव्हर चमकला आणि घाईघाईने सीटखालून फडकं काढून पुसायला धावला. कोरडं फडकं. मी डोळे मिटून घेतले.

"राहू दे," काकाजी शांतपणे म्हणाले. "आतून दिसते."

ते वाकून आत शिरले आणि त्या खिडकीशी जाऊन बसले. पडदा खाली आला. जीप सुरू झाली. सकाळचं ऊन समोरून प्लास्टिकवर पडलं होतं आणि मला त्या पांढऱ्या चौकोनापलीकडे काही दिसत नव्हतं. काकाजी माझ्याकडे बघत होते की पुढे झरीच्या वाटेकडे, कुणास ठाऊक. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून जीप वळणाआड जाईपर्यंत हात हलवत राहिलो.